भिंतीआड पोहोचल्यावर लागलेली गोळी : मल्टिप्लेअर शूटरमधले ग्लिच आणि विचित्र क्षण

कोपऱ्यातला नेमबाज

नमस्कार.

परवाच्या एका सामन्यात मी उघड्या गल्लीतून धावत भिंतीआड पोहोचलो, थांबलो, बंदूक रीलोड करायला सुरुवातही केली, आणि त्यानंतर मेलो. लगेच दिसलेल्या किलकॅममध्ये, म्हणजे मारणाऱ्याच्या नजरेतून, मी अजून गल्लीतच धावत होतो. त्याचा नेम स्वच्छ होता आणि गोळी खांद्याखाली बरोबर लागली होती. माझ्या पडद्यावर मी भिंतीआड होतो हेही तितकेच खरे होते. गेली कित्येक वर्षे अशा वेळी ‘लॅग’ (जोडणीतला विलंब) एवढा एकच शब्द उच्चारून मी पुढच्या राउंडकडे वळत आलो आहे. या वेळी मात्र ती दोन चित्रे डोळ्यांसमोरून हलेनात, कारण एकाच क्षणाच्या दोन साक्षी एकमेकींच्या विरुद्ध होत्या आणि दोघींपैकी एकही खोटी नव्हती.

अशा क्षणांची नोंद एका ठिकाणी व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. दोनच विनंत्या आहेत. जे घडले ते कोणाच्या पडद्यावर घडले हे स्पष्ट लिहावे, आणि ‘लॅग’ म्हणून थांबू नये. ठाऊक असेल तर कारणही सांगावे. एमबॉट (आपोआप नेम धरणारा), वॉलहॅक (भिंतीपलीकडचे दाखवणारा) वगैरे बाहेरून लावलेल्या लबाड्या येथे नकोत. खेळाने आपण होऊन केलेल्या गोष्टींबद्दलच बोलू.

सुरुवात म्हणून आणखी एक अनुभव देतो. एकदा मी एका पडलेल्या शत्रूच्या मृतदेहामागे आडवा झालो आणि समोरच्या खिडकीवर नेम धरून बसलो. तो देह माझ्या डोक्याला पुरेपूर आडोसा देत होता. खिडकीतल्याने मला पहिल्याच गोळीत टिपले. नंतर मित्राच्या रेकॉर्डिंगमध्ये पाहिले तर तो मृतदेह माझ्यापासून चांगला चार पावले दूर, पायरीवर उलटा लटकलेला होता. पडणारा देह कसा कोसळेल हे त्या खेळात प्रत्येक संगणक आपापले ठरवतो आणि ते सर्व्हरला, म्हणजे सामना चालवणाऱ्या मध्यवर्ती संगणकाला, कळवत नाही, हे मला तेव्हा समजले. मी ज्याच्या आड लपलो होतो ती वस्तू माझ्याखेरीज कोणासाठीच तिथे नव्हती.


प्रतिसाद १
मंद्रसप्तक

धागा फार आवडला. मी नेटवर्कच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे पहिल्या प्रसंगाची आकडेमोड मांडण्याचा मोह आवरत नाही. तुमचा खेळ कोणता ते तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून उदाहरणासाठी व्हॉल्व्ह कंपनीच्या सोर्स इंजिनावरचे, म्हणजे तिच्या खेळ चालवणाऱ्या प्रणालीवरचे, जुने काउंटर-स्ट्राइक घेते.

समजा तुमचे आणि मारणाऱ्याचे पिंग प्रत्येकी ५० मिलिसेकंद आहे, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जायला २५ आणि परत यायला २५. तुम्ही धावण्याची कळ दाबता तेव्हा तुमचा संगणक सर्व्हरच्या होकाराची वाट न पाहता तुम्हाला ताबडतोब पुढे नेतो. हीच हालचाल २५ मिलिसेकंदांनी सर्व्हरवर घडते आणि आणखी २५ मिलिसेकंदांनी तिची खबर विरोधकाच्या संगणकावर पोहोचते. तरीही तो संगणक ती लगेच दाखवत नाही. त्या इंजिनाच्या मूळ मांडणीत सर्व्हरकडून सेकंदाला २० खबरी येत, आणि मधली एखादी हरवली तरी चाल अडखळू नये म्हणून इतर खेळाडू मुद्दाम १०० मिलिसेकंद उशिरा दाखवले जात. याचा अर्थ विरोधकाला दिसणारे तुम्ही हे १५० मिलिसेकंदांपूर्वीचे तुम्ही असता.

तो त्या जुन्या तुमच्यावर गोळी झाडतो. ती खबर २५ मिलिसेकंदांनी सर्व्हरकडे जाते. सर्व्हरजवळ प्रत्येक खेळाडू गेल्या सुमारे एका सेकंदात कुठे कुठे होता याचा इतिहास असतो. तो घड्याळ मागे फिरवतो, सगळ्यांना त्या वेळच्या जागी उभे करतो, गोळी लागली का ते तपासतो आणि घड्याळ पुन्हा पुढे आणतो. निकाल तुमच्याकडे यायला आणखी २५ मिलिसेकंद लागतात. एकूण हिशेब २०० मिलिसेकंदांचा झाला. चाकू हातात घेऊन धावणारा खेळाडू सेकंदाला २५० युनिट (खेळातले अंतराचे माप) अंतर कापतो, म्हणजे एवढ्या वेळात ५० युनिट. आणि खेळाडूच्या देहाची रुंदी ३२ युनिट मानलेली असते. दीड देहाएवढे आत जाऊन तुम्ही मेलात, ते यामुळे.

व्हॉल्व्हमधले यान बर्नियर यांनी २००१ साली या पद्धतीवर लिहिलेल्या निबंधात भिंतीआडच्या मरणाची ही विसंगती मान्य केलेली आहे. ती माहीत असूनही पद्धत स्वीकारली गेली, कारण दुसऱ्या पर्यायात प्रत्येक नेमबाजाला शत्रूच्या किती पुढे नेम धरायचा हे आपल्या पिंगवरून ठरवावे लागले असते, आणि पिंग तर क्षणाक्षणाला बदलते.


प्रतिसाद २
तिसरी घंटा

मंद्रसप्तक, एक शंका विचारते. सर्व्हरने घड्याळ मागे फिरवून नेमबाजाची बाजू घेतली, तर पळणाऱ्यावर तो नेहमीच अन्याय झाला ना? मी बहुतेक वेळा कोपरा धरून बसते, आणि अचानक कोपऱ्याबाहेर झेपावणारा खेळाडू मला दिसायच्या आधीच मला मारून जातो. ते याचेच दुसरे रूप आहे का?


प्रतिसाद ३
मंद्रसप्तक

होय, तेच. त्याला पीकर्स ॲडव्हान्टेज म्हणतात. झेपावणाऱ्याच्या पडद्यावर तो कोपऱ्याबाहेर लगेच येतो आणि तुम्ही तर आधीपासून तिथे स्थिर असताच, त्यामुळे त्याला तुम्ही ताबडतोब दिसता. तुम्हाला मात्र तो वर सांगितलेल्या सगळ्या विलंबानंतर दिसतो. व्हॅलोरंटच्या निर्मात्यांनी २०२० मध्ये १२८ टिकचे, म्हणजे खेळाचे जग सेकंदाला १२८ वेळा पुढे सरकवणारे, सर्व्हर देण्यामागे ही दरी कमी करणे हा एक हेतू होता. ६४ टिकच्या सर्व्हरवर दोन टिकांमध्ये साधारण १५.६ मिलिसेकंद जातात, १२८ वर ७.८. दरी अरुंद होते, बुजत मात्र नाही, कारण तारेतून जाणाऱ्या संदेशाला वेळ लागणारच. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कळ दोन टिकांच्या मध्ये नेमकी केव्हा दाबली याची नोंदही सर्व्हरला पाठवली जाते. त्याने ‘कोणी आधी झाडली’ हा वाद अधिक नेमका सुटतो, पण कोपऱ्यातल्या माणसाला शत्रू उशिरा दिसतो तो दिसतोच.

आणखी एक प्रसंग यातच मोडतो. आपल्या पडद्यावर गोळी सुटते, बंदुकीचा आवाज होतो, नळीतून ज्वाळा दिसते, आणि मेल्यावर कळते की आपल्या बंदुकीतून काही गेलेच नाही. सर्व्हरकडे विरोधकाची गोळी आधी पोहोचली, त्याने आपल्याला मृत ठरवले, आणि मृताची गोळी मोजायची नाही असा त्या खेळाचा नियम होता. ज्या खेळांत गोळी ही हवेतून प्रवास करणारी स्वतंत्र वस्तू असते तिथे दोघेही मरतात. मला हा दुसरा निकाल अधिक न्याय्य वाटतो.


प्रतिसाद ४
जुना खंदक

सर्वांना नमस्कार. मी या खेळांच्या पहिल्या पिढीतला आहे, म्हणून थोडे मागे जाऊन लिहितो.

१९९३ च्या डूममध्ये सर्व्हर नव्हता. प्रत्येक संगणक संपूर्ण खेळ स्वतः चालवी आणि सेकंदाला ३५ ठोक्यांच्या लयीत फक्त कोणी कोणती कळ दाबली एवढेच एकमेकांना कळवी. नशिबाचा भागसुद्धा सगळीकडे सारखाच पडावा म्हणून यादृच्छिक आकडे २५६ संख्यांच्या एका ठरलेल्या तक्त्यातून ओळीने घेतले जात. सगळ्या संगणकांनी तोच तक्ता त्याच क्रमाने वाचला तर सगळ्यांची जगे तंतोतंत सारखी राहत. एखाद्याने एक आकडा कमी किंवा जास्त वाचला की मात्र तिथून पुढे जगे वेगळी होत. माझ्या खोलीत मी जिंकत आहे आणि शेजारच्या खोलीत मी दाराशी मरून पडलो आहे, अशी अवस्था मी अनुभवली आहे. खेळाच्या लक्षात आले की तो सुसंगती तुटल्याचा संदेश देऊन थांबे. लक्षात येईपर्यंतची ती काही सेकंदे मात्र विलक्षण असत.

१९९६ च्या जून महिन्यात क्वेक आला आणि सत्य सर्व्हरकडे गेले. पण तेव्हा कळ दाबल्यावर सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत आपला माणूस जागचा हलत नसे. फोनच्या तारेवरून खेळणाऱ्याला प्रत्येक पाऊल चिखलातून उचलल्यासारखे वाटे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्वेकचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी क्वेकवर्ल्ड आणले, त्यात आपला संगणक आपली हालचाल आधीच गृहीत धरून दाखवू लागला. मंद्रसप्तक यांच्या हिशेबातली पहिली पायरी तिथून सुरू होते. गृहीतक चुकले की सर्व्हर आपल्याला खेचून मागे आणतो, आणि त्यालाच आज सगळे रबरबँडिंग म्हणतात.

माझ्या सर्वांत आवडीचा ग्लिच मात्र नेटवर्कचा नाही, गणिताचा आहे. क्वेक ३ मध्ये धावण्याची मर्यादा सेकंदाला ३२० युनिट आहे. खेळ ती तपासताना आपला एकूण वेग पाहत नाही. आपण ज्या दिशेला जाऊ इच्छितो त्या दिशेने आपला वेग किती आहे एवढेच पाहतो. मग उडी मारून वेगाच्या दिशेशी थोडा कोन करून कळ दाबली, की त्या तिरप्या दिशेतला वेग मर्यादेच्या आत भरतो आणि खेळ आणखी थोडा वेग देऊन टाकतो. माउस हळुवार वळवत हेच पुन्हा पुन्हा केले की माणूस मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो. यालाच स्ट्रेफ जंप म्हणतात. २००५ मध्ये या खेळाचा सोर्स कोड खुला झाला तेव्हा त्यात दिसले की ही चूक टाळणारी योग्य पद्धत लिहून तयार होती, पण ती बंद ठेवलेली होती आणि बाजूला शेरा होता की ती हाताला वाईट वाटते. चूक ठाऊक होती, दुरुस्तीही तयार होती, आणि तरी कोणीतरी हातांचे ऐकले. त्या एका शेऱ्याबद्दल मला त्या मंडळींविषयी आजही आदर वाटतो.


प्रतिसाद ५
पंचनामा

मी हौशी स्पर्धांमध्ये पंच म्हणून बसतो, त्यामुळे ‘हा ग्लिच चालेल का’ हा प्रश्न माझ्यासमोर प्रत्यक्ष येतो. जुना खंदक यांनी राखून ठेवलेल्या चुकीची गोष्ट सांगितली, म्हणून मी बंद कराव्या लागलेल्या चुकांकडे वळतो.

२०१४ च्या ड्रीमहॅक विंटर स्पर्धेत काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या उपांत्यपूर्व फेरीत फनॅटिक आणि एलडीएलसी हे संघ समोरासमोर होते. निर्णायक नकाशा ओव्हरपास होता आणि फनॅटिक फार मागे पडले होते. तेव्हा त्यांच्या तिघांनी एकमेकांच्या खांद्यावर चढून एक जागा गाठली, जिथून जवळजवळ अर्धा नकाशा दिसत होता, आणि तिथून त्यांनी सामना फिरवून जिंकला. तक्रार झाली. न दिसणाऱ्या कडेवर उभे राहणे आणि एका बाजूने पारदर्शक होणारा पृष्ठभाग हे आक्षेपाचे मुद्दे होते. आधी उत्तरार्ध आणि नंतर संपूर्ण नकाशा पुन्हा खेळण्याचा निर्णय झाला, फनॅटिकने माघार घेतली, आणि एलडीएलसीने पुढे ती स्पर्धा जिंकली. तो सामना आम्हा पंचांच्या बैठकींत अजून निघतो, कारण खेळाडूंनी कोणतेही बाहेरचे साधन वापरले नव्हते. खेळाने जिथे उभे राहू दिले तिथे ते उभे राहिले होते.

दुसरे प्रकरण अधिक गंभीर आहे. त्याच खेळात प्रशिक्षकाला सामना पाहण्यासाठी जी जागा दिली जाते, तिच्यातल्या एका बगमुळे, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीमुळे, त्याची नजर नकाशावरच्या एखाद्या ठिकाणी अडकून राहू शकत असे आणि शत्रूच्या हालचाली दिसत. सप्टेंबर २०२० मध्ये ईस्पोर्ट्स इंटिग्रिटी कमिशनने जुनी रेकॉर्डिंग तपासून ३७ प्रशिक्षकांवर बंदी घातली.

या दोन्हींवरून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. जे घडते आहे ते समोरच्याला दिसते का, आणि दिसल्यावर त्याला त्यावर उपाय करता येतो का? स्ट्रेफ जंप करणारा वेगाने येताना दिसतो, त्याच्यावर नेम धरता येतो. प्रशिक्षकाची अडकलेली नजर मैदानावरच्या कोणालाही दिसत नव्हती. ओव्हरपासची जागा मधल्या हद्दीत पडते, आणि पारदर्शक पृष्ठभागामुळे मी तिला अमान्यतेच्या बाजूला ढकलतो.


प्रतिसाद ६
शून्यप्रहर

पंचनामा यांची कसोटी उपयोगी आहे, पण मला ती अपुरी वाटते आणि आक्षेप जुना खंदक यांच्याच खेळातून घेतो.

क्वेक ३ मध्ये गुरुत्वाकर्षण ८०० आहे आणि खेळ प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, वेगाचा आकडा पूर्णांकात बसवतो. सेकंदाला १२५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ८ मिलिसेकंदांची, आणि त्या काळात खाली ओढणारा वेग ६.४ ने वाढायला हवा. पूर्णांक केल्यावर तो ६ होतो. म्हणजे गुरुत्वाकर्षण प्रत्यक्षात ७५० उरते आणि उडी उंच जाते. ३३३ फ्रेमना, म्हणजे ३ मिलिसेकंदांच्या फ्रेमला, २.४ चे २ होतात आणि गुरुत्वाकर्षण ६६७ च्या आसपास येते. ज्याच्याकडे वेगवान संगणक, त्याच्यासाठी ग्रह हलका! एखाद्या कठड्यावर पोहोचणारी उडी एकाला साधत असे आणि दुसऱ्याला कितीही सराव करून साधत नसे. समोरच्याला ती उडी स्पष्ट दिसत होती, त्यावर नेमही धरता येत होता. तुमच्या कसोटीवर ती उत्तीर्ण होते. मला ती अन्यायकारक वाटते, कारण ती शिकून मिळत नव्हती.

उलट बाजूने १९९८ चा स्टारसीज : ट्राइब्ज पाहा. उतारावर उडीची कळ ठराविक तालात दाबत राहिले की घर्षण लागत नाही आणि माणूस बर्फावरून घसरावा तसा घसरतो, हे खेळाडूंनीच शोधून काढले. निर्मात्यांनी हे कल्पिलेले नव्हते. पण डोंगरांचे नकाशे, उडणाऱ्या चकत्यांची बंदूक आणि हे घसरणे यांचा मेळ असा जमला की पुढच्या ट्राइब्जमध्ये तीच मालिकेची ओळख झाली. घसरणे कोणालाही शिकता येत होते. शिकता येणे हा निकष मला दिसण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

चुकीतून एक संपूर्ण भूमिका जन्मल्याचे उदाहरणही आहे. क्वेकवरच्या मूळ टीम फोर्ट्रेसमध्ये एका बगमुळे खेळाडू कधी कधी विरुद्ध संघाच्या रंगात दिसत. ती गफलत गंमतीची वाटली म्हणून तिच्यावरूनच स्पाय हा वेषांतर करणारा हेर बेतला गेला. त्या वेळी कोणी फक्त पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढून विषय संपवला असता, तर आपण केवढ्या मोठ्या गोष्टीला मुकलो असतो.


प्रतिसाद ७
पंचनामा

शून्यप्रहर, तुमचा फ्रेमचा मुद्दा मला पटला आणि मी माझी कसोटी दुरुस्त करतो. समोरच्याला दिसले पाहिजे, त्यावर उत्तर असले पाहिजे, आणि ते सर्वांच्या हाती असले पाहिजे. पुढच्या स्पर्धेच्या नियमांत फ्रेमची कमाल मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मी आजच लिहितो आहे.


प्रतिसाद ८
तिसरी घंटा

मला या चर्चेत दोन-तीन जुन्या गोष्टी घालाव्याशा वाटतात, कारण त्या वेळी मी फार चिडले होते आणि आता त्यांकडे वेगळ्या नजरेने पाहता येते आहे.

२००९ च्या मॉडर्न वॉरफेअर २ मध्ये ग्रेनेडची पिन काढून विशिष्ट क्षणी जॅव्हलिन हे क्षेपणास्त्र हातात घेतले, तर तुम्हाला मारणाऱ्याच्या वाट्याला मोठा स्फोट येई आणि आजूबाजूचे सगळे मरत. यात शिकणे अवघड नव्हते, सर्वांना ते करता येत होते, आणि दिसतही होते. तरी खेळ मोडला, कारण समोर येणाऱ्याला मारणे हेच शिक्षा होऊन बसले. जिंकण्याचा मूळ अर्थच उलटा करणाऱ्या गोष्टीला पंचनामा यांच्या तिन्ही अटी पुरत नाहीत असे मला वाटते. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ते पॅच झाले.

डिसेंबर २०१७ मधल्या डेस्टिनी २ च्या वेळी मला उलट अनुभव आला. प्रोमिथियस लेन्स नावाची किरण फेकणारी बंदूक चुकून अतोनात घातक झाली होती. त्या शुक्रवारी खेळातला फिरता व्यापारी नेमकी तीच विकायला घेऊन आला, आणि खेळ बनवणाऱ्या बंजीने दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर ठेवली. ते काही दिवस सगळे मैदान त्याच एका शस्त्राने खेळले. सगळ्यांच्या हातात तेच असल्यामुळे वाद उरला नाही, आणि मी इतकी मनमुराद क्वचितच खेळले आहे. मुदत ठरलेली असणे हीसुद्धा एक वेगळी अट आहे का? तीच गोष्ट महिनाभर चालली असती तर मी खेळ सोडला असता.

ओव्हरवॉच २ ऑक्टोबर २०२२ मध्ये आला तेव्हा बॅस्टियन या पात्राच्या तोफेच्या तीनच माऱ्यांऐवजी कळ भराभर दाबून हवे तेवढे मारे करता येत होते, म्हणून त्याला काही काळ खेळातून काढले. महिनाअखेरीस मेईच्या बर्फाच्या भिंतीतही बग निघाला आणि तिलाही बाजूला ठेवावे लागले. एखादे आवडते पात्र असे नाहीसे होते तेव्हा ते खेळणाऱ्याला किती रिकामे वाटते, हे मी मेई खेळणारी असल्यामुळे सांगू शकते. तरीही पात्र बाजूला ठेवणे हा प्रामाणिक मार्ग आहे असे माझे मत आहे.


प्रतिसाद ९
कोपऱ्यातला नेमबाज

इतके सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते, मनापासून आभार. माझ्या मृतदेहाच्या प्रसंगाला जोडून गवताचा प्रसंग लिहितो, कारण त्यात नेटवर्कचा किंवा बगचा काहीही संबंध नाही आणि तरी फसवणूक तशीच आहे. मोठ्या मैदानाच्या अनेक खेळांत दूरचे गवत काढणे संगणकाला जड जाते, म्हणून ते ठराविक अंतरापलीकडे दाखवले जात नाही. मी गुडघाभर गवतात आडवा पडतो, माझ्या पडद्यावर माझ्या भोवती हिरवे रान असते, आणि दूरच्या टेकडीवरून स्कोप लावलेल्याला मी साध्या सपाट जमिनीवर आडवा पडलेला दिसतो. या खेळात आपण सगळे एका मैदानावर असतो असे आपण समजतो. खरे तर जितके खेळाडू तितकी मैदाने असतात, आणि सर्व्हर ती सतत टाचत असतो. टाका उसवतो तिथे ग्लिच दिसतो.


प्रतिसाद १०
मंद्रसप्तक

टाक्याची उपमा नेमकी आहे. मोठ्या मैदानांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक कारण नोंदवते. अनेक खेळ जागेचे आकडे ३२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे सरकत्या बिंदूच्या, पद्धतीने साठवतात आणि त्यात साधारण सातच अंक विश्वासार्ह असतात. जिथून सगळी अंतरे मोजली जातात त्या केंद्रबिंदूपासून ४ ते ८ किलोमीटर अंतरावर दोन शेजारच्या जागांमधले सर्वांत लहान अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर होते. १६ किलोमीटरच्या पुढे ते दोन मिलिमीटरांच्या जवळ जाते. चालताना हे जाणवत नाही. पण डोळ्याला लावलेल्या स्कोपमधून तीच अर्धा मिलिमीटरची पायरी मोठी होऊन दिसते, आणि नकाशाच्या कडेला बंदूक हातात थरथरू लागते, हाताची बोटे एकमेकांत घुसतात. मोठ्या नकाशांचे खेळ म्हणून केंद्रबिंदूच खेळाडूसोबत हलवतात. हलवण्याच्या त्या क्षणी काही चुकले तर वाहन एकदम आकाशात फेकले जाते, असे एकदा माझ्याच बाबतीत झाले होते. गाडीत आम्ही चौघे होतो आणि चौघांनीही ते उड्डाण वेगवेगळ्या उंचीवर पाहिले.


प्रतिसाद ११
जुना खंदक

चौघांनी वेगवेगळ्या उंचीवर पाहिले, हे वाक्य मी दोनदा वाचले. डूममधल्या माझ्या त्या दाराशी पडलेल्या प्रेताची आठवण झाली.


प्रतिसाद १२
कोपऱ्यातला नेमबाज

चार दिवसांनी परत येतो आहे, कारण मधल्या काळात आम्ही दोघा मित्रांनी मंद्रसप्तक यांचा हिशेब प्रत्यक्ष तपासला.

त्यांनी उदाहरणात घेतलेलाच जुना खेळ, तेच मूळ १०० मिलिसेकंदांचे सेटिंग आणि दोघांचेही पिंग ५० च्या आसपास राहील असा दूरचा सर्व्हर आम्ही निवडला. दोन पडदे शेजारी ठेवले आणि सेकंदाला ६० फ्रेम टिपणाऱ्या एकाच कॅमेऱ्याने दोन्हींचे चित्रण केले. मी चाकू घेऊन गल्लीतून भिंतीआड धावायचे आणि त्याने गल्लीच्या तोंडाशी मला टिपायचे, असे तीस वेळा केले. सात वेळा त्याचा नेम चुकला, ते चित्रण बाजूला ठेवले. उरलेल्या तेवीस वेळा मी फ्रेम मोजल्या.

माझ्या पडद्यावर मी एखादी जागा ओलांडल्यापासून त्याच्या पडद्यावर मी तीच जागा ओलांडेपर्यंत ९ ते ११ फ्रेम गेल्या. हिशेबाने १५० मिलिसेकंद म्हणजे ९ फ्रेम यायला हव्या होत्या. उरलेल्या एक-दोन पडद्यांच्या आणि टिकच्या खात्यावर जाव्यात. त्याची गोळी सुटल्यापासून मी माझ्या पडद्यावर कोसळेपर्यंत ३ ते ४ फ्रेम गेल्या, आणि हिशेब ३ चा होता.

पण चित्रण थांबवून पाहताना जे दिसले ते आकड्यांपेक्षा मनात जास्त राहिले. एका फ्रेममध्ये डाव्या पडद्यावर मी भिंतीला पाठ लावून त्याच्या दिशेने वळायला लागलो आहे. त्याच फ्रेममध्ये उजव्या पडद्यावर मी अजून गल्लीत आहे, पाठमोरा, धावतो आहे, आणि बंदुकीची ज्वाळा नुकतीच उमटली आहे. पुढच्या तीन फ्रेम डावीकडचा मी वळतच राहतो.

ते चित्रण मी मंद्रसप्तक यांना आणि, नियमांच्या प्रस्तावाला जोडता यावे म्हणून, पंचनामा यांना खाजगी संदेशातून पाठवले आहे. आणखी कोणाला हवे असल्यास कळवावे. पुढच्या वेळी आम्ही माझे पिंग ५० आणि त्याचे १५० ठेवून हीच मोजणी करणार आहोत, आणि त्यानंतर जागांची अदलाबदल करून पुन्हा.